दीड सेंटिमीटर जास्त

पैठण गेटजवळच्या एका मास्टरकडे मी गेली दहा वर्षं पॅन्ट शिवून घेतो. हो, शिवून! माझ्या ऑफिसमधल्या ज्युनिअर्सना हे कळलं की ते माझ्याकडे बीबी का मकबऱ्याकडे बघावं तसं बघतात. पण काय करणार, प्रोझोनच्या सगळ्या शोरूम पालथ्या घालून झाल्या, रेडिमेड जीन्स मला कधी धड बसलीच नाही. कंबर बसते. लांबी मिळते. पण जीन्सवर गुडघ्याच्या जागी जो फिकट पॅच मारलेला असतो ना, तो माझ्या गुडघ्याच्या चांगला तीन बोटं वर येतो. आरशात बघितलं की वाटतं, दुसऱ्याच कुणाची तरी पॅन्ट घालून आलोय.

मास्टरनं पहिल्याच भेटीत निदान केलं होतं. टेप गळ्यात, पेन्सिल कानावर. "साहब, आपका घुटना बहोत नीचे है."

मास्टरला काय माहीत, की हेच निदान त्याच्याआधी काही वर्षं एका फौजी डॉक्टरनं केलं होतं. तेही अगदी मिलिमीटरपर्यंत. फरक एवढाच, की मास्टरकडे त्यावर उपाय होता.

गोष्ट २०१० ची. इंजिनीअरिंग संपत आलेलं, कॅम्पसमधून एक बरी नोकरी हातात, पण डोक्यात एकच खूळ: फायटर पायलट. सीडीएसची लेखी परीक्षा निघाली. मग मैसूरला एसएसबीचे पाच दिवस. ग्रुप टास्क, सायकॉलॉजी, इंटरव्ह्यू, सगळं. पायलटसाठी तेव्हा पीएबीटी नावाची एक वेगळी टेस्ट असायची. हातात जॉयस्टिक, पायाखाली पेडल, आणि समोर पळणारा प्रकाशाचा ठिपका चौकोनात धरून ठेवायचा. आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर पायलटचं दार कायमचं बंद. (आता तिच्या जागी कॉम्प्युटरवरची सीपीएसएस आलीय, पण 'एकदाच'चा नियम तोच आहे.) मी पास झालो, बॉस! पाचव्या दिवशी रेकमेंडेड मुलांत माझा चेस्ट नंबर पुकारला, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं सगळ्यांसमोर रडलो. एसटीडी बूथवरून घरी फोन लावला. हो, मोबाइल होता, पण बॅलन्स नव्हता. बाबांनी त्याच संध्याकाळी गुलमंडीवरून दोन किलो पेढे आणून अख्ख्या कॉलनीत वाटले.

मग मेडिकल. रक्त, लघवी, ईसीजी, कान, डोळे, दात... सगळं ठणठणीत. शेवटी मापं. उंची १८८. म्हणजे सहा फूट दोन इंच. मी छाती काढून उभा. आमच्या घराण्यात एवढं उंच कुणी झालंच नाही. आई लहानपणापासून जरा जास्तच वेळा दृष्ट काढायची ती उगाच नाही. त्यानंतर भिंतीला पाठ लावून बसवलं, गुडघे काटकोनात दुमडायला सांगितले, आणि मागच्या भिंतीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंत माप घेतलं. पुन्हा घेतलं. मग दुसऱ्या माणसाला बोलावून तिसऱ्यांदा घेतलं.

६५.५ सेंटिमीटर. मर्यादा ६४.

संपलं! अनफिट फॉर फ्लाइंग. कारण: मांडीची लांबी.

आता मला सांगा, हे घरी कसं सांगायचं? पेढे खाऊन बसलेल्या कॉलनीला कसं सांगायचं? हृदयात दोष निघाला म्हटलं तर लोक हळहळतात. कमी ऐकू येतं म्हटलं तर समजून घेतात. 'मांडी दीड सेंटिमीटर जास्त भरली' म्हटल्यावर लोक काय करतात? हसतात. मीही हसलो असतो. परतीच्या गाडीत ठरवलं आणि घरात पाऊल टाकल्याबरोबर सांगून टाकलं: डोळे. पुढचे सहा महिने बाबा रोज सकाळी गाजराचा रस काढून माझ्यासमोर ठेवायचे. न बोलता. मीही न बोलता प्यायचो.

आज मी वाळूजला एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. नशिबाचा विनोद बघा. दिवसभर व्हर्नियर आणि गो-नो गो गेज घेऊन दुसऱ्यांच्या पार्टवर 'रिजेक्ट'चा शिक्का मारायचा. सप्लायर येऊन गयावया करतो, 'साहेब, इतक्याशा फरकानं काय होतंय?' आणि मी त्याला ड्रॉइंग दाखवतो. त्यामुळे माप घेणाऱ्या त्या माणसावर माझा राग कधीच नव्हता. राग आला तो स्वतःवर. ही मापं सूचनेच्या मागच्या पानांत छापलेली होती. बारीक टाइपात, पण होती. मी अभ्यासक्रम वाचला, पगार वाचला, मापं वाचलीच नाहीत. आणि ज्या क्लासला वर्षभर फी भरली, तिथेही कुणी टेप घेऊन बसवलं नाही. उंची विचारली, 'वा, मस्त' म्हणाले, आणि झालं.

हे सगळं आज का उकरतोय? तर गेल्या आठवड्यात ताईचा फोन आला.

"अरे, तुझ्या भाच्याला एसपीआयचा फॉर्म भरायचाय."

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. एसपीआय म्हणजे सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट, आपल्याच शहरात आहे. एनडीएत मराठी मुलं कमी जातात म्हणून राज्य सरकारनं १९७७ साली काढली. दहावीनंतर दोन वर्षं तिथंच राहायचं, अकरावी-बारावी करायची आणि सोबत एनडीएची तयारी. लेखी परीक्षा, मुलाखत, मग निवड. आपल्याकडे पेठेतल्या दुकानदारापासून वाळूजच्या ऑपरेटरपर्यंत कुणाचंही पोरगं जरा तडफदार निघालं की शेजारी म्हणतातच, 'एसपीआयला टाका.' मुलींसाठीची संस्था मात्र फार उशिरा, २०२३ ला सुरू झाली, आणि तीही नाशिकला. सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये एनडीएचं दार मुलींना उघडायला लावलं, त्यानंतरची ही गोष्ट.

तर भाचा. वय पंधरा. खोलीत राफेलचं पोस्टर. मिग-२१ निवृत्त झालं त्या दिवशी, २६ सप्टेंबर २०२५ ला, याने जेवण सोडलं होतं. मराठवाड्याच्या नांदेड जिल्ह्यातल्या हस्तराचे विवेक राम चौधरी २०२१ ला हवाई दलप्रमुख झाले, तेव्हापासून 'आपल्याकडचा माणूस होऊ शकतो' हे त्याचं पालुपद. उंचीची त्याला भारी काळजी. घराच्या दाराच्या चौकटीला लोखंडी बार लावून रोज सकाळ-संध्याकाळ लटकतो. आणि डब्यावर उंच मुलाचं चित्र असलेली एक पावडर दुधातून घेतो. महिन्याला किती रुपयांची, ते ताईला विचारू नका.

"त्याला एकदा सगळं नीट समजावून सांग," ताई म्हणाली. मग आवाज खाली आणून, "पण घाबरवू नकोस हं."

रविवारी सिडकोला ताईकडे पोहोचलो. सोबत ऑफिसचा स्टीलचा टेप आणि शेजारच्या सुताराकडून मागून आणलेला गुण्या. आई-बाबा आधीच येऊन बसलेले. बाबा बाल्कनीत, पेपरात डोकं.

"आधी उंची," मी म्हटलं. भिंतीला टाचा, ढुंगण, खांदे टेकवून उभा केला, डोक्यावर गुण्या सरळ धरला, पेन्सिलची खूण. १६३.

"येस्स!" भाच्यानं मूठ आवळली. पायलटसाठी किमान उंची १६२.५ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट चार इंच, हे त्याला पाठ होतं. सगळ्यांना एवढंच पाठ असतं. मलाही एवढंच होतं.

"आता बस," मी म्हटलं.

"बसून कशाला?"

"विमान उभ्यानं चालवणार आहेस का?"

खरं सांगायचं तर सगळी गंमत याच्यातच आहे. उंची हा एकच आकडा लोक विचारतात, पण कॉकपिटला तुमच्या उंचीशी तसं देणंघेणं नाही. त्याला तुमचे तुकडे हवे असतात. कमरेपासून टाळूपर्यंत किती, ढुंगणापासून टाचेपर्यंत किती, ढुंगणापासून गुडघ्यापर्यंत किती. हवाई दलाच्या मापात बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६ सेंटिमीटरच्या मधे हवी. पायाची लांबी ९९ ते १२०. आणि मांडी जास्तीत जास्त ६४. चारपैकी एकही हुकलं तर बाकीच्या तीन मापांचं कौतुक कुणी करत नाही.

का? तर कॉकपिट म्हणजे एक आखूड, अरुंद खोली आहे आणि तिचं फर्निचर हलत नाही. बसल्यावर तुम्ही बुटके निघालात तर विमानाच्या नाकावरून पुढचं दिसत नाही, धावपट्टीवर उतरताना तर नाहीच. तुम्ही म्हणाल, सीट वर करता येते की! येते. पण सीट वर गेली की पाय पेडलपासून लांब जातात. रडरचं पेडल शेवटपर्यंत दाबायचं असतं, आणि बऱ्याच विमानांत चाकांचा ब्रेक त्याच पेडलच्या वरच्या टोकाला, चवड्यानं मारायचा. म्हणून पायाला किमान लांबी. उलट, बसल्यावर फार उंच निघालात तर हेल्मेटसकट डोकं वरच्या काचेच्या छताला लागतं. आणि मांडी...

मांडीचं कारण मला त्या वेळी कुणी सांगितलं नाही. पुढे कितीतरी वर्षांनी मीच वाचून काढलं. फायटरच्या सीटखाली रॉकेट असतं. विमान हातातून गेलं की हँडल ओढायचं. वरचं छत उडतं किंवा फुटतं आणि सीट माणसासकट वर फेकली जाते. काही क्षण शरीरावर स्वतःच्या वजनाच्या दहा-पंधरापट भार. पाय हवेत फडफडू नयेत म्हणून ते मागे खेचून धरणारे पट्टे असतात. आता कल्पना करा. तुमच्या गुडघ्यांच्या पुढे मीटरचा पॅनेल आहे, त्याच्यावर पुढच्या काचेची धातूची चौकट. सीट सरळ वर जाताना गुडघा त्या कडेच्या मागून सुटला पाहिजे. दीड सेंटिमीटर पुढे असेल तर? तर जीव कदाचित वाचेल, पण गुडघे विमानातच राहतील.

हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. मी उठून अंधारात स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून बसलो होतो. रिजेक्ट केलेल्या पार्टला आपण का रिजेक्ट झालो ते पहिल्यांदा कळलं.

बरं, तुम्ही म्हणाल की मी ट्रान्सपोर्ट विमान चालवीन, हेलिकॉप्टर चालवीन, तिथं कुठं रॉकेट आहे? बरोबर. पण फ्लाइंगला घेताना कोण पुढे फायटरला जाणार आणि कोण हेलिकॉप्टरला, हे ठरलेलं नसतं. सुरुवातीचं ट्रेनर विमान सगळ्यांना एकच. २०१३ पासून वापरात असलेल्या पिलाटस पीसी-७ मध्येसुद्धा इजेक्शन सीट आहे. म्हणून मापं सगळ्यांनाच.

"बसल्यावरची उंची ८६," मी वाचलं. भाचा खूश. "मांडी ५५.५."

"म्हणजे तुझ्यापेक्षा भारी!" तो म्हणाला. मी काही बोललो नाही. त्याला माझं माप माहीत नव्हतं. त्याच्या मते मी डोळ्यांत गेलो होतो. नुसती उंची बघून बोलला असणार.

"आता पाय लांब कर. पूर्ण सरळ. गुडघा उचलू नकोस." भिंतीला पाठ, जमिनीवर पाय सरळ, तळव्याला गुण्या टेकवला. भिंतीपासून टाचेपर्यंत. एकदा घेतलं. त्याला पुन्हा मागे सरकून बसायला लावलं. दुसऱ्यांदा घेतलं.

९८.४.

"किती पाहिजे?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. तो टेपकडे बघत राहिला. स्वयंपाकघरातला कुकर तेवढा वाजत होता. ताई दारात उभी, हातात झारा, डोळ्यांनी मला खुणावतेय: बोलू नकोस, काही बोलू नकोस.

हा क्षण मला ओळखीचा होता. फक्त मी टेपच्या दुसऱ्या बाजूला होतो.

"मी आणखी लटकेन," भाचा म्हणाला. "दोन तास."

आता इथे मला खोटं बोलता आलं असतं. पण खोट्याचं माझं रेकॉर्ड तुम्हाला माहीत आहे. म्हणून म्हटलं, ऐक. लटकून पाय वाढत नाहीत. आपल्या मणक्यांच्या मधे ज्या गाद्या असतात त्या दिवसभर आपल्याच वजनानं दबतात. सकाळी उठल्यावर आपण संध्याकाळपेक्षा एखाद सेंटिमीटर उंच असतो. लटकल्यावर त्या थोड्या सुटतात, म्हणून लगेच मोजलं तर उंची वाढल्यासारखी वाटते. पण ते पाठीतलं. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड याला त्याच्याशी काही घेणं नाही. हाडं वाढतात ती टोकांच्या ग्रोथ प्लेटमधून, आणि ती प्लेट बंद झाली की विषय संपला. पावडरच्या डब्याला हे माहीत नसतं. आणि पाय पाठीच्या आधी वाढायचे थांबतात. पण तू पंधरा वर्षांचा आहेस. तुला अजून वेळ आहे. किती वेळ आहे, ते मी नाही सांगू शकत. ते हातापायाच्या एक्स-रेवरून डॉक्टर सांगतील.

"म्हणजे कदाचित होईल?"

"कदाचित होईल. सहा मिलिमीटर हवेत. आणि कदाचित नाही होणार."

ताईनं झारा ओट्यावर आपटला.

तसं बघायला गेलं तर या मापांचा इतिहासच मजेशीर आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन हवाई दलाच्या लक्षात आलं की त्यांचे पायलट फार अपघात करतायत. संशय आला कॉकपिटवर, कारण ते जुन्या मापांच्या सरासरीवर बेतलेलं होतं. म्हणून चार हजारांवर पायलटची नव्यानं मापं घेतली. त्या टीममध्ये गिल्बर्ट डॅनिअल्स नावाचा एक तरुण लेफ्टनंट होता. त्यानं एक वेगळंच गणित मांडलं. उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापं घेतली आणि बघितलं, की दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारे पायलट किती? ४,०६३ पैकी किती असतील? हजार? पाचशे?

शून्य! एकही नाही.

म्हणजे ज्या 'सरासरी' माणसासाठी विमानं बनवत होते, तो माणूस अस्तित्वातच नव्हता. त्यानंतर कंपन्यांना सांगितलं गेलं की सरासरी विसरा, सीट मागेपुढे होऊ दे, पेडल सरकू दे, पट्टे कमीजास्त होऊ दे. आज तुमच्या गाडीची सीट जी खालीवर होते, तिच्यामागेही हाच विचार आहे. पण विमानात सरकायला किती जागा द्यायची, हे शेवटी कुणाला तरी ठरवावं लागतंच. आणि तिथे पुन्हा जुनी मापं आली: अमेरिकेत कितीतरी वर्षं १९६७ साली मोजलेल्या पुरुष पायलटांवरून कॉकपिट बनत राहिले. पुरुष पायलट! २०२० साली त्यांच्याच हवाई दलानं हिशेब केला, तर उंचीच्या अटीत देशातल्या विशीतल्या जवळपास ४४ टक्के मुली बसत नव्हत्या. मग त्यांनी ती सरसकट अट काढली आणि प्रत्येकाला प्रत्येक विमानाच्या मापानं बघायचं ठरवलं. पुढच्या विमानांसाठी मापंही नव्या पिढीची, मुलींसकट.

आपल्याकडे? आपल्या देशात बाईची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास आहे. अट १६२.५. गणित तुम्हीच करा. २०१६ ला अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या पहिल्या तिघी फायटर पायलट झाल्या, आणि २०१९ ला नागपूरची अंतरा मेहता महाराष्ट्रातली पहिली. त्यांच्या हुशारीबद्दल, जिगरीबद्दल आपण भरपूर वाचलं. पण त्यांच्याइतकीच जिगर असलेल्या किती मुली टेपपाशीच थांबल्या असतील, त्यांची बातमी होत नाही. आमच्या ऑफिसच्या एचआरमधली एक मुलगी कॉलेजला एनसीसीच्या एअर विंगला होती. परवा लंचला मी हा विषय काढला, तर म्हणाली, "मी १५८. मी कधी कुणाला सांगितलंच नाही की मला हे व्हायचं होतं." आणि डबा बंद करून उठली.

म्हणजे माप बदलू शकतं, पण कॉकपिटचं. उद्या नवी विमानं आली, नवी सीट आली, तर आकडेही कदाचित बदलतील. बंगळुरूला हवाई दलाची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन १९५७ पासून आहे. भारतीय शरीर आणि विमान यांचं कसं जमवायचं, हाच तिथला अभ्यास. पण पंधरा वर्षांच्या पोराला 'थांब, विमान बदलेल' असं सांगता येत नाही. त्याला आजचा आकडाच सांगावा लागतो.

"आणि नाहीच झालं तर?" भाच्यानं विचारलं.

मग मी त्याला बाकीचं सांगितलं. एनडीएत हवाई दलाच्या ग्राउंड ड्यूटीच्या जागा असतात, तिथे पायाची लांबी कुणी विचारत नाही. आर्मी आहे, नेव्ही आहे. त्यांना १५७ उंची पुरते. प्रवासी विमानात सीटखाली रॉकेट नसतं, तेव्हा तिथे मांडीवरून कुणी घरी पाठवत नाही. पण फी ऐकून ताईच बेशुद्ध पडेल. आणि एसपीआयचा फॉर्म तर भरायचाच. पाय ९८ असो की ९९, गणित आणि इंग्रजी पक्कं होणं कुणाच्या आड येत नाही.

तो ऐकत होता, पण किती आत जात होतं देव जाणे. पंधराव्या वर्षी 'ग्राउंड ड्यूटी' हा शब्द कसा लागतो, हे मला ठाऊक आहे. मला बाविसाव्या वर्षीही लागला होता. मलाही तोच पर्याय दिला होता, आणि मी तोंड वर करून नाही म्हटलं होतं. आज विचाराल तर सांगेन, चूक केली. जमिनीवर राहूनही विमानांच्या जवळ राहता आलं असतं. आता वाळूजला मी चिकलठाण्यावर उतरणाऱ्या विमानांच्याही जवळ नाही.

"मामा, एक विचारू? तुझे डोळे तर चांगले आहेत. तुला चष्मा पण नाही. मग तू कशात गेलास?"

बाल्कनीतल्या पेपरचं पान उलटायचं थांबलं.

मी टेप त्याच्या हातात दिला, भिंतीला पाठ लावून बसलो आणि गुडघे काटकोनात दुमडले. "मोज."

त्यानं मोजलं. भिंतीपासून गुडघ्यापर्यंत. पुन्हा मोजलं. "साडेपासष्ट."

"लिमिट किती?"

"चौसष्ट." तो थांबला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. "शप्पथ! एवढ्यावरून?"

"एवढ्यावरून."

हसला नाही. मी पंधरा वर्षं ज्या हसण्याला घाबरत होतो, ते आलंच नाही. उलट माझ्या गुडघ्याकडे अशा आदरानं बघत होता, जणू तो युद्धात जखमी झालाय.

बाबा बाल्कनीतून आत आले. चष्मा कपाळावर. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा टेपकडे.

"म्हणजे डोळे नव्हतेच," ते म्हणाले.

"नव्हते, बाबा."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग ताईकडे वळून म्हणाले, "सहा महिने गाजरं किसली मी. हातानं. मिक्सरही नव्हता तेव्हा आपल्याकडे." आणि पुन्हा बाल्कनीत गेले. पण जाता जाता माझ्या डोक्यावर टपली मारून गेले. सदतिसाव्या वर्षी.

जेवणं झाल्यावर भाच्यानं भिंतीवरच्या खुणेशेजारी पेन्सिलनं तारीख लिहिली आणि खाली ९८.४. ताई ओरडली, गेल्याच दिवाळीला रंग दिलाय म्हणून. पुढचं माप तीन महिन्यांनी, सकाळीच घ्यायचं, टेप हाच वापरायचा, असं आमचं ठरलंय. पावडरचा डबा संपला की नवा आणायचा नाही, हे ताईचं आणि माझं ठरलंय. बार मात्र त्यानं काढू दिला नाही. खांदे तरी भरतील, म्हणाला.